हिरव्या तारेची उपेक्षा

आपल्या बेटावरच्या पुष्कळ घरांत कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी एक जुनी रबरी चप्पल ठेवलेली असते. नव्या सुनेला घर दाखवताना सासूबाई स्वयंपाकघर दाखवतात, देवघर दाखवतात आणि मागच्या पडवीत आल्या की सांगतात, ‘मशीनला हात लावण्याआधी ही पायांत घालत जा गं, कधी कधी मुंग्या येतात.’ सून मान डोलावते. पुढे तीही आपल्या मुलांना तेच सांगते. अशा रीतीने विजेचा एक दोष घरच्या रीतीरिवाजांत जाऊन बसतो आणि तो दुरुस्त करायचा असतो याचा सर्वांनाच विसर पडतो.

त्या मुंग्यांविषयी आज आम्हांला लिहायचे आहे. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. सण, भाषा आणि समाजकार्य यांची चर्चा करणाऱ्या या पानावर तारांच्या जाडीचा हिशेब कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या घरात सण साजरा व्हायचा आणि भाषा बोलली जायची, त्या घरात माणसे सुरक्षित असणे ही पहिली गोष्ट होय. आणि या बाबतीत आपल्या समाजात जी बेफिकिरी आम्हांला दिसते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रथम या तारेचे काम काय ते पाहू. घरात येणाऱ्या विजेच्या तीन तारा असतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. या दोघींना रोज काम असते. तिसरी तार अर्थिंगची. जुन्या घरांत ती नुसती हिरवी असे, आता हिरवी-पिवळी असते. तिला एरवी काहीच काम नसते. वर्षानुवर्षे ती भिंतीत स्वस्थ पडून असते, म्हणून ती तोडली, बारीक घातली किंवा मुळीच घातली नाही तरी दिवे लागतात, पंखा फिरतो, फ्रीज थंड होतो. घरमालकाला शंका येण्याचे कारणच उरत नाही. वायरमनच्या कामातली हीच एक चूक अशी आहे की, ती अनेक वर्षे बेमालूम लपून राहू शकते.

तिची गरज लागते ती एखाद्या दिवशी. यंत्राच्या आत फेजच्या तारेवरचे वेष्टन झिजते, तार पत्र्याला टेकते आणि यंत्राचे सबंध अंग २३० व्होल्टवर चढते. अर्थिंगची तार शाबूत असेल तर वीज तिच्यातून मोठ्या प्रवाहाने धावते, ब्रेकर खटकन पडतो आणि घरातली मंडळी ‘लाईट गेली’ म्हणून कुरकुरतात. ती तार नसेल तर यंत्र तसेच भारलेले राहते आणि हात लावणाऱ्या माणसाची वाट पाहते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की, फ्यूज किंवा साधा ब्रेकर माणसाला वाचवतो. तो तारेला वाचवतो. साधा ब्रेकर १६ अँपियरचा असतो, आणि माणसाच्या जिवाला धोका व्हायला याच्या पाचशेव्या हिश्शाइतकी वीज पुरे. माणसासाठी जो गळतीचा स्विच बसवतात, ज्याला कारागीर आरसीडी किंवा डिफरेंशियल म्हणतात, तो ३० मिलिअँपियरचा, म्हणजे एका अँपियरच्या शंभरात तीन भागांचा असतो, तो याच कारणासाठी. अंगातून अर्धा अँपियर जाऊन माणूस दगावला, तरी त्या साध्या ब्रेकरला काही घडल्याची दादही लागणार नाही.

आता जाडीकडे वळू. अर्थिंगची तार आहे एवढ्याने भागत नाही, ती पुरेशी जाड हवी. दोष घडताच तिच्यातून क्षणभर शेकडो अँपियर जातात. बारीक तार त्या क्षणात तापून वितळली, तर ब्रेकर पडण्याआधी वाट तुटते आणि यंत्र भारलेलेच राहते. वितळली नाही तरी शेजारच्या तारांचे वेष्टन जाळते. पीव्हीसीचे वेष्टन अशा क्षणी १६० अंश सेल्सिअसपर्यंत सहन करते असे धरतात. त्यापुढे आगीचे भय. म्हणून जाडीचा प्रश्न ‘किती वीज आणि किती वेळ’ या दोनच गोष्टींवर ठरतो.

याचे गणित शाळेतल्या मुलालाही येईल. प्रवाहाचा वर्ग करावा, त्याला सेकंदांनी गुणावे, येईल त्याचे वर्गमूळ काढावे आणि तारेच्या जातीच्या एका ठराविक अंकाने भागावे. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येते. तांब्याची तार पीव्हीसीच्या केबलमध्ये इतर तारांबरोबर असेल तर तो अंक ११५, वेगळी एकटी नेलेली असेल तर १४३, आणि केबलमधली ॲल्युमिनियमची असेल तर ७६. समजा, दोषाच्या वाटेचा एकूण रोध अर्धा ओहम आहे. २३० ला अर्ध्याने भागले की ४६० अँपियर. ही वीज तोडायला ०.४ सेकंद लागत असतील, तर उत्तर येते २.५३, म्हणजे अडीचची तार थोडक्यासाठी अपुरी, पुढची ४ ची घ्यावी लागेल. तेच चांगल्या ब्रेकरने ०.१ सेकंदात तोडले, तर उत्तर १.२७ आणि दीडची तार पुरे. तार तीच, दोष तोच, पण तोडणारे साधन बदलले की हिशेब बदलतो. ‘आम्ही नेहमी हीच घालतो’ असे म्हणणाऱ्या कारागिराला म्हणूनच विचारले पाहिजे, ‘दादा, कोणत्या ब्रेकरमागे?’

ज्याला गणित करायचे नाही त्याच्यासाठी नियमाच्या पुस्तकात सोपा तक्ता दिलेला आहे. फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थिंगची तार तेवढ्याच जाडीची. फेज १६ हून जाड आणि ३५ पर्यंत असेल तर अर्थिंग १६. फेज ३५ हून जाड असेल तर तिच्या निम्मी. म्हणजे १० ला १०, २५ ला १६, ७० ला ३५. हे दोन्ही एकाच धातूचे असतील तेव्हाचे माप आहे. धातू वेगळे असतील तर अंक फिरतात. तक्ता वापरला तर तार कदाचित थोडी जास्त जाड पडते, गणित केले तर थोडे तांबे वाचते. परंतु दोन्हीपैकी काहीच न करता डब्यात शिल्लक पडलेला तुकडा वापरणे, हा तिसरा मार्ग कोणत्याही पुस्तकात नाही.

पुस्तक कोणते, हाही प्रश्न आहे. आपल्याकडची वायरिंगची पद्धत इंग्रजी वळणाची. तिचे मूळ नियम १८८२ साली प्रथम छापले गेले आणि २०१८ साली त्यांची अठरावी आवृत्ती निघाली. वर दिलेली मापे त्या परंपरेतली आहेत. हल्ली आपले तरुण अमेरिकेतले व्हिडिओ पाहून वायरिंग शिकतात. शिकण्याची हौस स्तुत्य आहे, पण तेथील तक्ता निराळा. तेथे अर्थिंगची तार पुढच्या ब्रेकरच्या आकड्यावरून ठरवतात : ६० अँपियरला तांब्याची १० गेज, १०० ला ८ गेज. शिवाय गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, आपल्या चौरस मिलिमीटरच्या अगदी उलट. एका घरात दोन देशांचे तक्ते मिसळले तर खिचडी होईल, आणि ती खिचडी भिंतीच्या आत शिजेल.

हे सारे आपल्या घरांना का लागू पडते ते आता सांगतो. १९६० च्या जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरॉल या वादळांनी बेटावरची लाकडी व पत्र्याची घरे भुईसपाट केली. त्यानंतर सिमेंटच्या घरांकडे सर्वांचा ओढा वाढला. १९७५ च्या जेर्वेझ वादळाने उरलेल्यांनाही तोच धडा दिला. आजोबांनी पै-पै जमवून तळमजला बांधला आणि वर सळया मोकळ्या ठेवल्या. मुलाने पहिला मजला चढवला. नातवाच्या लग्नाआधी दुसरा चढला. एका अंगणात तीन चुली आणि तीन पिढ्या हे आपल्या लोकांचे वैभव आहे, आणि आम्ही त्याचे कौतुकच करतो.

पण या घराची वीज पाहावी. आजोबांच्या काळी चार दिवे, एक रेडिओ आणि एक इस्त्री. त्या मानाने घरात येणारी तार आणि तिच्या जोडीची अर्थिंगची तार. आज वर दोन एअर कंडिशनर, अंघोळीच्या पाण्याचा हीटर, पाणी चढवण्याचा पंप, दोन फ्रीज आणि कपड्यांची यंत्रे. जास्त वीज हवी म्हणून मीटरपासूनची फेज बदलली, ६ ची २५ केली, कारण ती बदलली नाही तर दिवे मंद होतात. हिरवी तार मात्र आजोबांच्या वेळची ४ चीच राहिली, कारण तिच्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते. वरच्या मजल्याची अर्थिंगची तार तिला हाताने पिळून जोडली आणि वर टेप गुंडाळली.

तक्त्याप्रमाणे २५ च्या फेजला १६ ची अर्थिंग हवी. गणित करून पाहू. जेथे पुरवठ्याच्या तारांतूनच अर्थिंगची वाट मिळते, तेथे मोठ्या दोषात १,५०० अँपियर सहज वाहू शकतात. ते ०.४ सेकंद टिकले तर एकट्या तारेच्या १४३ च्या अंकाने उत्तर ६.६३ येते, म्हणजे बाजारातली १० ची तार. तक्ता १६ म्हणतो, गणित १० म्हणते, आणि भिंतीत आहे ४ ची. वर संगमरवरी फरशी, रंगीत काच, नक्षीदार कठडा. बडे घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

ज्या घरांची अर्थिंग स्वतःच्या अंगणात गाडलेल्या सळईवर आहे, त्यांची कथा वेगळी. येथे वीज मातीतून परत जाते आणि माती काही तांबे नव्हे. सळईचा रोध १०० ओहम असेल तर २३० व्होल्टला जेमतेम २.३ अँपियर वाहतील. एवढ्याने १६ अँपियरचा ब्रेकर जन्मात पडणार नाही. म्हणून अशा घरात गळतीचा स्विच ही चैनीची वस्तू नाही, त्याच्यावाचून अर्थिंग निरुपयोगी आहे. नियम असा की, सळईचा रोध आणि स्विचचा आकडा यांचा गुणाकार ५० व्होल्टच्या आत राहावा. ३० मिलिअँपियरच्या स्विचला हिशेबाने १,६६७ ओहमपर्यंत चालेल, ३०० च्या स्विचला १६७ पर्यंतच. परंतु २०० च्या वर गेलेला रोध भरवशाचा नसतो. ऊन वाढले, माती सुकली की तो आणखी चढतो.

आपले बेट ज्वालामुखीच्या दगडाचे. उसाच्या शेतांत जे काळ्या दगडांचे ढीग उभे आहेत, ते आपल्या पूर्वजांसारख्या मजुरांनीच हातांनी वेचून रचले. तोच दगड आज अंगणात सळई खाली जाऊ देत नाही. हातभर आत गेली की ठणका बसतो, मग कारागीर उरलेली सळई कापतो, वर सिमेंट टाकतो आणि काम झाले म्हणतो. ओलसर वाक्वा आणि क्युरपीपकडे हे एखादे वेळी खपूनही जाईल, पण कास्काव्हेलसारख्या कोरड्या पश्चिम भागात उन्हाळ्यात ती सळई नावापुरती उरते. दोन-तीन ठिकाणी सळया ठोकून त्या एकमेकींना जोडाव्या लागतील. शेवटी रोध मापाच्या यंत्राने मोजल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. डोळ्यांनी सळई दिसते, रोध दिसत नाही.

सळईपर्यंत जमिनीतून जाणाऱ्या तारेची जाडीही ठरलेली आहे. वेष्टन असलेली पण वरून कोणतेही संरक्षण नसलेली तांब्याची तार १६ चौरस मिलिमीटरहून कमी नको, कारण कुदळीचा घाव तिलाच बसतो. उघडी तांब्याची असेल तर २५. उघडी लोखंडी असेल तर ५०. पाइपात घालून जपलेली असेल तरच वरच्या तक्त्याने किंवा गणिताने जावे. समुद्राकाठच्या घरांत खारी हवा सळईचा क्लॅम्प खाऊन टाकते, तेव्हा तो जोड पाहता येईल असा ठेवावा, सिमेंटमध्ये पुरू नये.

कोणी म्हणेल, ‘गळतीचा स्विच आहे ना, मग तार कशाला?’ हा प्रश्न आम्हांला पुष्कळदा ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट देतो. तार असेल तर दोष होताच गळती तारेतून सुरू होते आणि कोणी यंत्राजवळ जाण्याआधीच स्विच पडतो. तार नसेल तर गळती सुरू होण्यासाठी कोणीतरी यंत्राला हात लावावा लागतो. म्हणजे स्विचला ती बातमी माणसाच्या अंगातून कळते. स्विच बहुधा वेळेवर पडेल. पण ‘बहुधा’ या शब्दावर आपल्या आईला किंवा नातवाला उभे करायचे काय? त्या स्विचवर एक लहान बटण असते, ते सहा महिन्यांतून एकदा दाबून पाहावे. मात्र लक्षात असू द्यावे की, ते बटण स्विच चालतो एवढेच सांगते. अर्थिंगची तार आहे की नाही हे ते सांगत नाही.

काही घरांत अर्थिंग होती आणि नाहीशी झाली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी पुष्कळ ठिकाणी हिरवी तार आणून पाण्याच्या लोखंडी नळाला गुंडाळीत. नळ जमिनीत लांबवर गेलेला असे, त्यामुळे काम भागे. पुढे जेथे लोखंडी नळ जाऊन प्लास्टिकचा आला, तेथे अर्थिंग त्याच दुपारी संपली. पाणी चांगले येऊ लागले म्हणून घरचे खूश झाले आणि वरच्या मजल्यावरच्या यंत्रात मुंग्या यायला लागल्या. या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नाही. आजच्या नियमाप्रमाणे सार्वजनिक पाण्याचा नळ किंवा गॅसची नळी अर्थिंगचे साधन म्हणून वापरता येत नाही. ज्यांच्या घरात हिरवी तार अजून नळाला गुंडाळलेली आहे, त्यांनी हा लेख वाचून होताच उठून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

प्लगांची तऱ्हा आणखी निराळी. आपल्याकडे इंग्रजी धर्तीचे तीन चौकोनी पायांचे प्लग चालतात आणि युरोपी धर्तीचे दोन गोल पायांचेही. तीन पायांपैकी वरचा लांब पाय अर्थिंगचा. तो आधी आत शिरतो आणि शेवटी बाहेर पडतो, अशी त्याची रचना मुद्दाम केलेली आहे. आपण काय करतो? दोन पायांचा प्लग बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेनाचे टोपण खुपसून झडप उघडतो. फ्रान्सहून आलेल्या पाहुण्याने आणलेले यंत्र दोन पायांच्या स्वस्त अडॅप्टरमधून लावतो, आणि भिंतीपर्यंत नियमाप्रमाणे आलेली अर्थिंग शेवटच्या चार बोटांत तुटते. मोबाईलच्या चार्जरला त्याने बिघडत नाही. त्याचे अंग प्लास्टिकचे असते. पत्र्याच्या अंगाच्या प्रत्येक वस्तूला मात्र तिसरा पाय हवाच.

येथवर अर्थिंगविषयी झाले. तिची एक धाकटी बहीण आहे, तिला बाँडिंग म्हणतात. विजेच्या तारेवर चिमणी बसते आणि तिला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. माणसाला झटका बसतो तो एक हात एका दाबावर आणि दुसरा हात वेगळ्या दाबावर असतो तेव्हा. एका हातात हीटरची मूठ आणि दुसऱ्या हातात लोखंडी नळाची तोटी, ही त्यातली सर्वांत वाईट जोडी. म्हणून घरात शिरणारे धातूचे पाण्याचे नळ, गॅसची नळी आणि इमारतीचे लोखंडी सांगाडे एका तारेने मुख्य अर्थिंगला बांधतात. दोष झालाच तर सगळ्यांचा दाब बरोबर चढतो, आणि मधे उभ्या असलेल्या माणसातून वीज जाण्याचे कारण कमी होते.

या मुख्य बाँडिंगच्या तारेची जाडी मुख्य अर्थिंगच्या तारेला जी जाडी लागते तिच्या निम्मी, पण तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटरहून कमी नको आणि २५ हून जास्तीची सक्ती नाही. १६ च्या अर्थिंगला ८ हवी, ती बाजारात मिळत नाही, म्हणून १०. जेथे पुरवठ्याची न्यूट्रल तारच अर्थिंगचेही काम करते, तेथे १० पासूनच सुरुवात. नळ घरात जेथे शिरतो तेथून दोन फुटांच्या आत आणि पहिला फाटा फुटण्याआधी क्लॅम्प बसवावा. न्हाणीघरात वेगळी बाँडिंग करायची झाल्यास ४ ची तार, पाइपात जपून नेली तर अडीचची चालते. न्हाणीघराच्या सर्व विजेवर ३० चा गळतीचा स्विच असेल, वीज वेळेत तुटत असेल आणि सर्व नळ मुख्य बाँडिंगशी खरोखर जोडलेले असतील, तर नवा नियम ही जादा बाँडिंग माफ करतो. यातली एक अट सुटली तरी माफी सुटली. नळ सगळे प्लास्टिकचे असतील तर त्यांना बाँडिंगची गरजच नाही. प्लास्टिकला तार गुंडाळून पैसे मागणारा कारागीर भेटल्यास त्याला चहा द्यावा आणि निरोपही द्यावा.

आता त्या चपलेकडे परत येऊ. रबरी चप्पल ही यंत्राजवळची युक्ती झाली. पण आपल्या घरात एक जागा अशी आहे की, जेथे चप्पल घालून कोणी जात नाही. गणपती बसतात तेव्हा मखराभोवती दिव्यांच्या माळा असतात, खाली अभिषेकाचे पाणी सांडलेले असते, फुले आणि ओली पाने असतात, आणि लहानमोठी सारी अनवाणी उभी असतात. आरतीच्या गर्दीत पोर मखराच्या लोखंडी चौकटीला धरूनच उभे राहते. वीज ज्याची वाट पाहते ते सगळे त्या एका कोपऱ्यात आपण भक्तिभावाने जमा केलेले असते. आणि नेमकी तेथली वायरिंग सर्वांत कच्ची, आठवड्याभराची म्हणून दोन तारांची, शेजारच्या खोलीतून दाराखालून ओढलेली.

२०२४ च्या मार्च महिन्यात महाशिवरात्रीच्या यात्रेत एक कावड विजेच्या तारांना लागून यात्रेकरू प्राणास मुकले, ते दुःख बेट विसरलेले नाही. ते संकट वरच्या तारांचे होते. घरच्या अर्थिंगने ते टळले नसते, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. पण उत्सवाच्या उत्साहात विजेची आठवण शेवटी होते, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. मखराच्या माळा तीन तारांच्या केबलवरून घ्याव्या, मध्ये ३० चा गळतीचा स्विच असावा, लोखंडी चौकट अर्थिंगला जोडावी आणि जोड जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे. मंडळांच्या सभागृहांनी तर हे स्वतःवर बंधनच मानावे. सभागृहाच्या मंचावर माईक धरून उभी राहणारी मुले दुसऱ्यांची असतात.

‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद आम्हांला ठाऊक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडणे तरुणांना जड जाते हेही ठाऊक आहे. आजोबांच्या वायरिंगला नावे ठेवली असे त्यांना वाटेल. परंतु आजोबांनी आपल्या काळच्या गरजेला पुरेल ते केले. त्यांच्या वायरिंगवर तीन मजले आपण लादले. तेव्हा दुरुस्तीचे कर्तव्यही आपलेच. काही झाले नाही याचा अर्थ एवढाच की, दोष आणि अनवाणी पाय अजून एकाच क्षणी एकत्र आले नाहीत.

म्हणून प्रत्येक कुटुंबप्रमुखाने परवानाधारक कारागिराला बोलावून पाच प्रश्न विचारावे. मीटरपासूनची फेज किती जाडीची आणि अर्थिंग किती? वरच्या मजल्यांची अर्थिंग मुख्य पट्टीपर्यंत सलग आहे की मध्ये पिळलेली? सळईचा रोध किती भरला, आणि तो आमच्यासमोर मोजाल काय? धातूचे नळ बांधलेले आहेत काय, किती जाडीच्या तारेने? गळतीचा स्विच कितीचा आणि तो सगळ्या घरावर आहे की अर्ध्यावर? उत्तरे आकड्यांत मागावी आणि कागदावर लिहून घ्यावी. जो ‘सब ठीक आहे’ एवढेच म्हणतो, त्याने काहीही मोजलेले नसते. स्वतः मात्र कोणी पेटी उघडू नये. हा लेख प्रश्न विचारता यावे म्हणून लिहिला आहे, पेचकस हाती घ्यावा म्हणून नव्हे.

आपल्यातले पुष्कळ तरुण आज वायरमनच्या धंद्यात आहेत. त्यांना आमचे विशेष सांगणे आहे. गिऱ्हाईक पैसे वाचवायला सांगेल तेव्हा दिव्यात वाचवा, स्विचच्या नक्षीत वाचवा, हिरव्या तारेत वाचवू नका. तुमच्या कामाची तारीफ होईल ती दिव्यांमुळे, पण तुमचा प्रामाणिकपणा त्या न दिसणाऱ्या तारेत आहे. अर्थ नाही तेथे अनर्थ, हे वाक्य तुमच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

गणपतीची तयारी सुरू होईल तेव्हा भिंतींना रंग लागेल, पडदे धुतले जातील. त्याच सपाट्यात एक दिवस या तारेसाठी काढावा. यंत्राशेजारची ती रबरी चप्पल उचलून दाराबाहेर इतर चपलांच्या रांगेत ठेवता आली, तर यंदाची साफसफाई खऱ्या अर्थाने पुरी झाली असे आम्ही समजू.